सोपानतात्यांचा समुद्र

सोपानतात्यांबरोबर रस्त्याने निघायचं असेल तर डोळे घरी ठेवले तरी चालतं. आपल्याला जे दिसत असतं तेच तात्या आपल्याला सांगत असतात. "बग, म्हंजी ऐक. डाव्या हाताला पाट. पान्याचा रंग चहावानी. पल्याड बाभळ. बाभळीवर बगळा, यका पायावर." आपण म्हणावं, तात्या, मला दिसतोय बगळा. ते समजुतीने मान डोलावतात आणि म्हणतात, "उडाला."

जळोचीत आमच्या भाजीच्या वाफ्यांना लागूनच त्यांचं रान आहे. मी पुण्याला कॉलेजात शिकतो आणि सुट्टीत घरी येतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मला सगळं काही कळतं असा गावाचा समज आहे. तो मी अजून मोडलेला नाही, पण मला तो बरोबरही वाटत नाही. तात्यांविषयी लिहितानाही मला सगळं नीट सांगता येईल, अशी खात्री नाही.

तात्या पलटणीत होते. लढाईत पकडले गेले, सुटले, आणि घरी येण्याआधी काही महिने विलायतेतल्या छावणीत राहिले. परत आले तेव्हा बायको वारली होती. मूलबाळ नव्हतं. दुसरं लग्न कर म्हणून भावकीने पुष्कळ सांगितलं, पण तात्यांनी मनावर घेतलं नाही. त्यानंतर स्थळं सांगून यायचीही थांबली, आणि त्याला तात्यांची ही सवयच कारणीभूत असावी.

कारण एकदा मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमाला त्यांना वडीलधारे म्हणून नेलं होतं. मुलगी पोह्यांची बशी घेऊन बाहेर आली आणि तात्यांनी शेजारी बसलेल्या नवरदेवाला हळू आवाजात सांगायला सुरुवात केली. तात्यांचा हळू आवाज परसातल्या म्हशीलाही ऐकू जातो. "बग, म्हंजी ऐक. आली. मान खाली. लुगडं हिरवं. हातात बशी. बशी हालतीया. येक पोहा पडला." मुलगी बशी ठेवून जी आत गेली ती परत आलीच नाही. पुढे ते लग्न जमलं, पण तात्यांना अक्षत मिळाली नाही.

बारामतीला तंबूतला सिनेमा येतो. तिथे एकदा तात्या पडद्यावरचं सगळं आजूबाजूच्या लोकांना सांगत बसले. राजा आला, घोड्यावरनं उतरला, रडाय लागला. मागच्या माणसाने खांद्यावर हात ठेवून विचारलं, पाहुणं, आमाला काय डोळं न्हाईत का? तात्या वळले, त्या माणसाकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "हायती की. दोन. तांबडं झाल्याती." त्यानंतर तंबूवाल्याने त्यांना दारातून आत सोडलं नाही. दारात उभे राहून ते मग येणाऱ्या-जाणाऱ्यांना तंबूचं वर्णन सांगत होते.

पण तात्यांचा खरा विषय म्हणजे विलायतेच्या समुद्राची सहल. छावणीत असताना चौघं मित्र दोन दिवसांची रजा काढून समुद्रकाठच्या एका गावी हिंडायला गेले होते. दोघे साताऱ्याकडचे, एक इंदापूरचा हरिबा आणि चौथे आपले तात्या. त्या गावाचं नाव तात्यांच्या तोंडून दर वेळी निराळं निघतं, बाकीची सहल मात्र शब्दाने बदलत नाही. काठाला वाळूच्या जागी सगळे गोल गोटे. त्यावर म्हाताऱ्या बाया कोट घालून कापडी खुर्च्यांत बसलेल्या, समुद्राकडे तोंड करून, कोणी कोणाशी बोलत नाही. "आमाला वाटलं, कुनाच्या मातीला आल्याती." मग तो लाकडी पूल. काठावरून निघून थेट समुद्रात गेलेला, आणि मध्येच संपलेला.

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हा पूल कधीच पटला नाही. ते दर वेळी विचारत, पुलाच्या पल्याड काय?

"काय न्हाय. पानी."

"मंग पूल कशापायी?"

"जायाचं आन परत यायचं."

अण्णा मान हलवून म्हणत, सायबाचं राज्य गेलं ते बरंच झालं.

सहलीचा शेवट सूर्यास्ताने व्हायचा. गुळाच्या ढेपेएवढा सूर्य हळूहळू पाण्यात उतरला, सगळा समुद्र काकवीसारखा दिसायला लागला, आणि चौघं बराच वेळ तिथंच उभे राहिले. इथे तात्या नेहमी थांबत. ऐकणारे तोवर उठून गेलेले असत.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी पाटाच्या भरावावर त्यांच्याजवळ बसलो होतो. कॉलेजात नुकताच मोठा नकाशा पाहिला होता आणि त्यांचं गाव कुठलं असेल याचं मला कुतूहल होतं. मी विचारलं, तुम्ही गाडीने कुठल्या दिशेला गेलात? त्यांनी सांगितलं की सकाळची गाडी होती, आणि ऊन सगळ्या वाटेनं समोरून तोंडावर येत होतं. मी मनात नकाशा धरून पाहिला. मग थोडं चाचरतच म्हणालो की तात्या, म्हणजे तुम्ही पूर्वेच्या काठाला गेला होता. तिथे सूर्य समुद्रातून उगवेल. मावळताना तो तुमच्या पाठीमागे, जमिनीवर मावळायला हवा.

समोरून बगळा गेला, तो तात्यांनी सांगितला नाही. मला उगाच विचारलं असं झालं.

"तुझा नकाशा बरुबर असंल," ते शेवटी म्हणाले. "आमी कायबी बगितलं न्हाय. तितं धुकं व्हतं. दोन दीस. आपला हात आपल्याला दिसंना."

मग त्यांनी मला ते सांगितलं, जे गावात कोणालाच सांगितलं नव्हतं. हरिबाचे डोळे लढाईत गेले होते. कैद्यांच्या छावणीजवळ बॉम्ब पडला होता. विलायतेच्या इस्पितळात तो कोणाशी बोलेना, जेवेना. एक दिवस आपणहून म्हणाला, गावाकडं जायच्या आधी मला हितला समुद्र दाखवा. म्हणून तिघं त्याला घेऊन गेले.

"आन काठावर उबं ऱ्हायलो तर म्होरं समदं पांढरं. हरिबा म्हनला, काय दिसतंय रं? ते दोघं माझ्या तोंडाकडं बगाय लागलं. म्हंजी बगत असतील. ते बी दिसत नव्हतं."

मी हसलो. तात्याही थोडेसे हसले.

"टेसनाजवळ येका दुकानात चित्राची कार्डं टांगल्याली. धुकं हटायची वाट बगत मी ती बगत बसलो व्हतो. तीच सांगत सुटलो. म्हाताऱ्या, पूल, समदं. सूर्याचं कार्ड दुसऱ्या कुठल्या गावचं असंल. मला काय ठावं? हरिबाला सांजंपत्तुर उबं ऱ्हायाचं व्हतं. म्हनून मी सूर्य बुडवला."

त्या दिवसापासून त्यांना ही सवय लागली होती. दर बाजारच्या दिवशी ते एसटीने इंदापूरला हरिबाकडे जात आणि आठवडाभरात पाहिलेलं सगळं त्याला सांगून येत. राहिलेले दिवस आमच्यावर सराव चालायचा.

"डोळं गेल्याव त्यानं नवं तेवढंच बगितलंय," तात्या म्हणाले. "त्ये खोटं निगालं तर त्याच्याजवळ काय ऱ्हातंय?"

त्यांना हे आत्ताच बोलावंसं वाटलं त्याला कारण होतं. आठवडाभराच्या बातम्यांत ते हरिबाला माझंही सांगत, कॉलेज, पुस्तकं, सगळं. आणि हरिबाने निरोप दिला होता, त्या पोराला घेऊन ये, मला त्याला एक गोष्ट इचारायचीय. तात्यांची झोप उडाली होती. मी सूर्याचं काढलं तेव्हा त्यांना वाटलं, हे पोरगं हरिबासमोर आता हेच बोलणार.

पुढच्या बाजारी आम्ही निघालो. गाडीत तात्यांनी माझी तयारी करून घेतली. एरवी ते लासुर्णे येईपर्यंत सगळ्या गाडीला बाहेरचा ऊस दाखवतात, त्या दिवशी त्यांचं लक्ष माझ्यावरच होतं.

"सूर्य कुठं बुडतो?"

"समुद्रात."

"कुठल्या?"

"त्याच."

"पुस्तकात लिव्हलंय म्हन."

मी म्हणालो, तात्या, पुस्तकात तसं नाही. ते म्हणाले, त्याला कुठं वाचाय येतंय? आणि लगेच जीभ चावली. हे बोलायला नको होतं असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. निमगाव मागे पडेपर्यंत ते टोपी काढून पुन्हा घालत होते.

हरिबा ओसरीवर घोंगडी टाकून बसला होता. अंगाने भरलेला, दाढी केलेली, कपडे स्वच्छ. घरात भाऊ, भावजय, पोरांचा गलका. तात्यांची पावलं ऐकताच तो म्हणाला, आलं का आमचं डोळं? तात्यांनी माझी ओळख करून दिली, आणि त्या आठवड्याचं सांगायला बसले. पाटाचं पाणी बंद झालं, आमची वांगी, कोणाची गाय व्याली. त्या दिवशी त्यांचा आवाज खरोखरच हळू होता. हरिबाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, सोपाना, बाजारातनं तंबाखू आन जा. ह्या पोराला ऱ्हाऊ दे हितं.

तात्या उठले. जाताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला परीक्षेच्या हॉलची आठवण झाली. त्यांची पावलं लांब गेल्यावर हरिबा माझ्या बाजूला वळला. मी घाईघाईने म्हणालो, सूर्य समुद्रातच बुडतो.

हरिबा खो खो हसला. "पढवून आनलंय व्हय तुला? आरं, धुकं व्हतं तितं. गालाला वलं लागत व्हतं. कुठंतरी बोटीचा भोंगा सारका बोंबलत व्हता. आन त्या दोघा सातारकरांनी दोन दिसांत येकदाबी 'आयला, ते बग' म्हटलं न्हाय. आंधळ्याला बी कळंल."

मी विचारलं, मग तुम्ही त्यांना बोलला का नाहीत?

"त्यो येवढ्या जिवानं सांगत व्हता. मी म्हनलं, असू दे. ह्यो समुद्र बरा हाय."

मग तो जरा पुढे सरकला. हसू गेलं होतं.

"मला दुसरंच इचारायचं हाय. त्यो मला समदं सांगतो. बाभळ सांगतो, बगळा सांगतो. सोताचं कायबी सांगत न्हाय. घरचं इचारलं की पाटाचं सांगतो. माझ्याभवती मानसं हायती, ऐकतोस न्हवं गलका? त्याचं कोन हाय? आता त्यो कसा दिसतो रं? सांग, म्हंजी मला बगू दे."

मी लहानपणापासून पाहत असलेल्या माणसाकडे किती कमी पाहिलं आहे, ते मला तिथे कळलं. मी सांगायला लागलो. केस सगळे पांढरे झालेत. गळ्याची हाडं दिसतात. सदऱ्याचं वरचं बटण काळं आहे, खालची पांढरी. स्वतःच लावलेलं असावं. डाव्या हाताच्या बोटांवर तव्याचे चटके आहेत. हरिबा मान खाली घालून ऐकत होता. मध्येच म्हणाला, वाळलाय तर. मग विचारलं, घरात काय हाय त्याच्या? मी म्हणालो, मी कधी आत गेलो नाही. कोणीच जात नाही.

"मंग बगून ये," हरिबा म्हणाला.

तात्या तंबाखू घेऊन दारात आले तेव्हा हरिबा मोठ्याने सांगत होता, पोरगं शिकल्यालं हाय हां सोपाना, सूर्य पान्यातच बुडतो म्हनतंय. तात्या चौकटीला टेकून उभे राहिले. त्यांनी टोपीने तोंड पुसलं आणि म्हणाले, मी सांगत न्हवतो का?

परतीच्या गाडीत गार वारा लागू नये म्हणून खिडक्यांचे ताडपत्रीचे पडदे सोडलेले होते. बाहेरचं काही दिसत नव्हतं. तात्यांनी सगळ्या गाडीला उजव्या हाताचा ऊस सांगितला, त्यामागचा डोंगर सांगितला, डोंगरावर टेकलेला ढग सांगितला. त्या बाजूला डोंगर नाही. कोणी काही म्हणालं नाही, मीही नाही.

जळोचीला उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. तात्या घरापर्यंत बोलत होते. कुणाचा कुत्रा, कुणाची चूल पेटलेली, कुणाच्या दारात पाहुणे. स्वतःच्या दाराशी येऊन त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि त्यांचं बोलणं बंद झालं. कुलूप निघालं, दार उघडलं. आत अंधार होता. ते मला जायला सांगतील म्हणून मी आधीच म्हणालो, "तात्या, आत काय काय आहे?"

ते वळले. "कायबी न्हाय."

"मला दिसत नाही. सांगा की."

ते आतल्या अंधाराकडे वळले. मग खालच्या आवाजात, शेजारच्या घराला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, म्हणाले, "बग, म्हंजी ऐक. म्होरं चूल. इझल्याली. कोनाड्यात राकेलची चिमणी. बाजंवर कांबळं, सकाळपास्नं तसंच पडल्यालं. भितीला येकच ताट, उबं..."

मी उंबऱ्यावर बसलो आणि ऐकू लागलो. एकही वस्तू विसरून चालणार नव्हतं. पुढच्या बाजारी सगळं हरिबाला सांगायचं होतं.