घाबरून घेणाऱ्या सुलभाताई

सुलभाताई परब कुठेही निघायच्या आधी घाबरून घेतात. बाकीची माणसं निघताना किल्ली, मोबाइल, पाकीट चाचपून बघतात, तशा या आपल्या सगळ्या भीत्या एकदा चाचपतात. लिफ्ट मध्येच बंद पडेल. रिक्षावाला भलतीकडेच नेईल. घरी गॅस चालू राहिला असेल. मग पर्स काखेत घट्ट धरतात आणि मला म्हणतात, "माका भय वाटता गो, मेघना. चल."

यातलं "चल" महत्त्वाचं. त्या घाबरल्या म्हणून जायच्या राहिल्या, असं चार वर्षांत एकदाही झालेलं नाही.

आमचं ऑफिस साकीनाक्याला, गाळ्यांच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. खाली प्लास्टिकची झाकणं बनतात, त्यामुळे आम्ही सगळेच जरा ओरडून बोलतो. एचआयव्ही असलेला कैदी सुटून बाहेर आला की त्याचे उपचार मध्येच तुटू नयेत, हे आमचं काम. आत असताना गोळी रोज मिळते. बाहेर आल्यावर माणूस घर शोधतो, काम शोधतो, जुने मित्र शोधतो आणि गोळी राहून जाते. म्हणून त्याला दारातच गाठायचं, एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी एआरटी सेंटरला न्यायचं, नाव नोंदवायचं आणि गोळ्यांची बाटली मिळवून द्यायची. मी कागद सांभाळते. माणसं सुलभाताई सांभाळतात. वय बासष्ट, मुलुंडला एकट्याच राहतात, पूर्वी टेलिफोन ऑफिसात होत्या. एवढंच मला त्यांच्याबद्दल माहीत होतं.

त्यांच्या पर्समध्ये शिट्टी, टॉर्च, सेफ्टीपिनांचा जुडगा आणि आधार कार्डाच्या पाच झेरॉक्स असतात.

"पाच कशाला?" मी एकदा विचारलं.

"चार हरवल्या तर?"

रस्त्यात पोलीस दिसला की त्या फुटपाथ बदलतात. आणि याच बाई आठवड्यातून दोन दिवस तुरुंगाच्या दाराबाहेर बाकावर बसून असतात. तिथले शिपाई त्यांना मावशी म्हणतात आणि येता-जाता चहा पाजतात. त्या तीन-तीन कप मुकाट्याने पितात आणि रात्रभर ॲसिडिटीने तळमळतात. का पिता म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "पोलिसाला नाही कसं म्हणायचं गो?"

त्या दाराबाहेर जामिनाच्या कागदांची एक पेटी असते. ठरलेल्या वेळी ती उघडतात. तोवर कागद पेटीत पडला तर माणूस त्या दिवशी सुटतो, नाहीतर उद्या. पेटी उघडायची वेळ झाली की सुलभाताईंच्या तळहातांना घाम फुटतो.

"सुटला तर गो?"

"ताई, सुटावा म्हणूनच आलोय ना आपण?"

"होय गो, पण सुटल्यावर खंय जायत?"

पहिल्यांदा मी हसले होते. मग दोन जण आमच्या डोळ्यांदेखत दारातून निघाले आणि गर्दीत नाहीसे झाले. त्यातल्या एकाचं पुढे काय झालं ते कळलं, तेव्हापासून मी हसत नाही.

विजय सुटला तेव्हाही मी बरोबर होते. टेम्पो चालवायचा तो. खटला उभा राहायची वाट बघत तीन वर्षं आत होता, आणि एचआयव्ही असल्याचं त्याला आतच कळलं. बाहेर येऊन तो रस्त्याच्या कडेला थांबला तो थांबलाच. तीन वर्षांत गाड्यांच्या वेगाचा अंदाजच गेला होता त्याचा. सुलभाताईंना तर तो कधी नव्हताच. दोघांनी एकमेकांच्या बाह्या धरल्या आणि ज्याला त्याला वाटलं, दुसरा आपल्याला नेतोय. बसवाल्याने दोघांनाही मनसोक्त शिव्या घातल्या.

सेंटरमधून बाटली मिळाली की त्यांचं एक ठरलेलं काम असतं. बाकावर बसून त्या बाटलीवरची चिठ्ठी नखाने खरवडून काढतात. मग झाकण उघडून वर कापूस दाबतात, म्हणजे खिशात गोळ्या वाजत नाहीत आणि घरचे काही विचारत नाहीत. हे त्यांना कोणी शिकवलं, ते मी कधी विचारलं नाही. विजयला त्या घाटकोपरच्या टेकडीवर, त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेल्या आणि तिथे पर्समधून ती बाटली काढून त्याच्या हातात दिली.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. सुलभाताईंनी स्पीकरवर लावला, कारण फोन कानाला लावला की मेंदूला काहीतरी होतं म्हणे.

"ताई, बाटली गायब आहे. दोन दिवस झाले."

"आईला विचारलंस?"

"काय विचारू? कसली बाटली म्हणाली तर?" मग म्हणाला, "जाऊ दे ताई. नको त्या गोळ्या. तुम्ही पण येऊ नका आता. तिला कळलं तर वाट लागेल."

सुलभाताईंचा चेहरा पांढराफटक पडला. असं "जाऊ दे" म्हणणारा माणूस पुन्हा सेंटरला येत नाही, हे आम्हा दोघींना माहीत होतं. त्यांनी कशीबशी समजूत घालून त्याला कामावरच्या दुपारच्या सुट्टीत घरी यायला लावलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माका भय वाटता. चल."

आम्ही त्याच्या आधी पोचलो, ही आमची चूक. विजयची आई, इंदूबाई, दारात तांदूळ निवडत होती. तिने सुलभाताईंना बघितलं आणि ताट बाजूला ठेवून उठली.

"हीच ती," ती शेजारणीला म्हणाली. "नळावरून बघितलं मी. हिनेच पर्समधून काढून दिली बाटली. नाव नाही, गाव नाही, वरून कापूस कोंबलेला. जेलमधून सुटला त्याच दिवशी माझ्या पोराला नशेच्या गोळ्या देते ही बाई."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्या खरवडलेल्या चिठ्ठीने विजयचं गुपित राखायचं होतं, तिनेच हा घोटाळा केला होता.

गल्ली अरुंद. बघता बघता वीसेक माणसं जमली. पुढून माणसं, मागे गटार, बाजूला भिंत. एकाने माझी बॅग ओढली. कोणीतरी म्हणालं, पोलिसांना फोन लावा. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला ओरडून सांगावंसं वाटलं, की अहो, या औषधाच्या गोळ्या आहेत, विजयला एचआयव्ही आहे, आम्हाला सोडा. शब्द अगदी ओठांवर आले होते. सुलभाताईंनी माझं मनगट इतकं घट्ट दाबलं, की बांगडी रुतली.

"बोल की," इंदूबाई म्हणाली. "कसल्या गोळ्या आहेत?"

"ते मला सांगता येणार नाही." सुलभाताईंचा आवाज कापत होता.

"मग पोलिसांना सांगशील?"

"त्यांनाही नाही. बोलवा तुम्ही. मी कुठे जात नाही." आणि त्या खरंच तिथे पायरीवर बसल्या. वर बघून म्हणाल्या, "बाटली टाकली नाही ना तुम्ही? तेवढं सांगा."

इंदूबाईची नजर घरात वळली.

विजय धावत आला तो त्यानंतर. त्याने गर्दी बघितली, पायरीवरच्या सुलभाताई बघितल्या. त्याला कळायला वेळ लागला नाही. त्याने एकेकाला हात जोडून घरी पाठवलं. मग आईचा दंड धरून तिला आत नेलं आणि दार लावून घेतलं.

आम्ही बाहेर बसलो. आतून आधी त्याचा आवाज आला, हळू. मग काहीच नाही. आरडाओरडा झाला असता तर बरं वाटलं असतं. इतकी शांतता, की शेजारच्या घरातला कुकर ऐकू येत होता. ती त्याला घराबाहेर काढेल. तो टेकडी उतरून जाईल तो कधीच सापडणार नाही. मी हे सगळं मनात बघत होते आणि सुलभाताई पदराचं टोक पिळत होत्या.

दार उघडलं. इंदूबाईचे डोळे लाल होते. हातात बाटली होती, कापसासकट. तिने गल्लीत दोन्हीकडे बघून घेतलं आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, "ही जेवायच्या आधी घ्यायची, का नंतर?"

मला उत्तर पाठ होतं, आमच्या माहितीपत्रकात दुसऱ्याच पानावर आहे. पण सुलभाताई आधी बोलल्या.

"कधीही चालते. वेळ तेवढी चुकवायची नाही. मी रात्री जेवल्यावर घेते. चौदा वर्षं झाली."

इंदूबाई बाजूला सरकून म्हणाली, "ताई, आत या. पाणी घ्या."

मी या ऑफिसात आले त्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट आहे. मी सुलभाताईंना बाजूला घेऊन विचारलं होतं, की त्या लोकांचे चहाचे कप वेगळे ठेवतात ना? त्या म्हणाल्या होत्या, "नाही गो, सगळे एकच. तुला हवा तर तू घरून आण." मी आणला होता. त्यावर लाल नेलपॉलिशने माझं नाव घातलं होतं. पुढे माझी भीती गेली, तरी कप तोच राहिला. चार वर्षं रोज दुपारी तो धुऊन माझ्या टेबलावर सुलभाताईच ठेवत होत्या.

सुलभाताई भिंतीचा आधार घेत उठल्या आणि आत गेल्या. मी पायरीवरच बसून राहिले. त्या वळून माझ्याकडे बघतील, याची मला भीती वाटत होती.