मंगळवार-शुक्रवारचा भोवरा

कपडे वाळत घालायची दोरी तुटली, तेव्हा खांबवाल्यांनी ते फारसं मनाला लावून घेतलं नाही. दोन सदरे, एक विजार, एक चादर. एकट्या माणसाचं धुणं ते काय आणि त्याला दोरी ती काय. शोधाशोध केल्यावर कपाटामागे जाड तारेचं भेंडोळं सापडलं. तार बांधायला खांब हवे होते, आणि खांबांना तिथे तोटा नव्हता. दारासमोर किनाऱ्याला धरून सोळा खांब एका रांगेत उभे होते. पाचव्या आणि सहाव्यामधलं अंतर धुण्याला अगदी बेताचं होतं. चादर झकास वाळली.

हे सोळा खांब म्हणजेच रडार, आणि त्याची राखण करणारे म्हणून खांबवाले हे नाव. रडार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गरगर फिरणारी थाळी येते, पण इथे काहीच फिरत नसे. जमिनीवरून समुद्राकडे लहरी सोडायच्या, लाटांवर आपटून परतलेल्या लहरी या खांबांनी टिपायच्या, आणि कुठलं पाणी कुठे वाहतंय याचा नकाशा यंत्राने दर दहा मिनिटांनी मुख्य कार्यालयात पाठवायचा. खांबवाल्यांनी वहीत ‘चालू आहे’ असं लिहायचं. बायको गेल्यावर ही बदली त्यांनी स्वतःच मागून घेतली होती. माणसांत नको वाटत होतं. पुढे तीन वर्षांनी माणसं हवीशी वाटायला लागली, पण तोवर ते इथे आहेत हेच सगळे विसरले होते. मुख्य कार्यालयातून रोज एक निरोप येई, ‘नकाशे मिळाले’. तोही यंत्रच पाठवी.

तार बांधली त्या मंगळवारी दुपारी मात्र फोन वाजला. रविवारखेरीज तो वाजत नसे, त्यामुळे आवाज कसला हे कळायलाच त्यांना एक क्षण लागला. पलीकडे नकाशे तपासणाऱ्या मॅडम होत्या.

“काका, तुमच्यासमोर समुद्रात काय चाललंय?”

खांबवाल्यांनी खिडकीतून पाहिलं. “नेहमीचंच चाललंय, मॅडम. येतोय आणि जातोय.”

“किनाऱ्यापासून पंधरा किलोमीटरवर मोठा भोवरा दिसतोय नकाशात. सकाळपासून.”

“इथून तेवढं लांबचं दिसत नाही. पण बघत राहतो.”

“बघा. मी तासाभराने परत फोन करते.”

मॅडमनी खरंच केला. मग आणखी तीनदा केला. चौथ्या वेळी भोवऱ्याचं बोलून झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, “जेवलात का?” खांबवाले “हो” म्हणाले आणि फोन ठेवल्यावर जेवायला बसले, म्हणजे खोटं बोलल्यासारखं होऊ नये.

संध्याकाळी त्यांनी तार सोडून आत ठेवली. खाऱ्या हवेत गंजली असती. भोवराही नाहीसा झाला. शुक्रवारी त्यांनी धुणं धुतलं, आणि भोवरा परत आला. पुढच्या मंगळवारीही आला. मुख्य कार्यालयात खळबळ उडाली. मंगळवार-शुक्रवार पाळणारा भोवरा कोणीच पाहिला नव्हता. एक म्हणे चंद्रामुळे, दुसरा म्हणे तळाच्या खंदकामुळे. एका बड्या शास्त्रज्ञाने यावर पंधरा पानी टिपण लिहिलं आणि चंद्राला वार कळत नाहीत, या अडचणीपाशी ते अडकून पडलं.

रविवारी मुलीचा फोन आला. एरवी तो चार वाक्यांत आटपे. “बाबा, बरं आहे ना?” “बरं आहे.” “औषध घेताय?” “घेतोय.” त्या रविवारी खांबवाल्यांकडे सांगायला काहीतरी होतं. मुलीने मध्येच जावयाला हाक मारली, जावयानेही दोन प्रश्न विचारले, आणि फोन तब्बल पंचवीस मिनिटं चालला. ठेवला तेव्हा कान गरम झाला होता. तो त्यांनी बराच वेळ हाताने झाकून धरला.

शुक्रवारी मॅडम फोनवर असतानाच आभाळ भरून आलं. फोन कानाशी धरूनच खांबवाल्यांनी तारेवरचे कपडे उतरवले, तारही सोडली.

“अहो, आत्ता होता तो भोवरा,” मॅडम थोड्या वेळाने म्हणाल्या, “या नकाशात गेला.”

खांबवाल्यांनी हातातल्या तारेकडे पाहिलं. मग ती पुन्हा बांधली. दहा मिनिटं ते पावसाच्या गप्पा मारत राहिले.

“आला बघा परत,” मॅडम म्हणाल्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दोन खांब तारेने जोडल्यावर रडार भलतंच बघणार, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. सांगून टाकायचं म्हणून त्यांनी घसा साफ केला. “मॅडम, एक बोलायचं होतं.”

“आधी माझं ऐका, काका. हा भोवरा आता सोडायचा नाही. उद्यापासून मी रोज फोन करणार, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. हं, तुमचं काय?”

“काही नाही,” खांबवाले म्हणाले. “पाऊस थांबला, एवढंच.”

शनिवारी धुवायला काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी खिडकीचा पडदा धुतला. रविवारी दुसऱ्या खिडकीचा. सोमवारी बाजाराच्या पिशव्या धुतल्या, त्या वाळल्यावर पुन्हा पहिला पडदा. फोन रोज येत होता. मॅडमना स्वयंपाकाचा कंटाळा आहे, त्यांच्या आईचे गुडघे दुखतात, हे सगळं खांबवाल्यांना आता ठाऊक झालं होतं.

मंगळवारी सकाळी तांडेल चढण चढून वर आला. खालच्या बंदरातल्या सगळ्यात मोठ्या होडीचा हा मालक. खांबवाल्यांना तो लांबून हात करी, पण दारात कधी आला नव्हता.

“तीन दिवस झाले, होड्या वाळूवर आहेत,” तो पायरीवर टेकत म्हणाला. “वरून हुकूम आलाय, भोवरा आहे, बाहेर पडू नका. आम्ही लहानपणापासून त्या पाण्यात जातोय. तिथे भोवरा कुठला?”

खांबवाल्यांनी खालच्या वाळूवरच्या होड्यांकडे पाहिलं. होड्या थांबवल्याचं त्यांना कोणी कळवलंच नव्हतं.

“पोरं ऐकत नाहीत, जातो म्हणतात. मी अडवून धरलंय. म्हटलं, यंत्राचं राहू दे, पण वर तो माणूस बसलाय ना डोळ्यांत तेल घालून. तो उगीच नाही सांगायचा.” तांडेलाने मान वर केली. “खरं आहे ना?”

खांबवाले उठले. पडदा ओलाच होता. तो खांद्यावर टाकून त्यांनी तार सोडली, तिचं भेंडोळं केलं आणि मग मॅडमना फोन लावला. तांडेलाच्या देखत सगळं सांगितलं, पिशव्यांसकट.

“शुक्रवारीच का नाही सांगितलंत?” मॅडमनी विचारलं.

“तुमचे फोन थांबले असते.”

“मला हे वर कळवावं लागेल, काका.”

“कळवा.”

तांडेल उठला. रागावेल असं वाटलं होतं, पण त्याने फक्त पडद्याकडे पाहिलं. “स्वच्छ निघालाय,” एवढं म्हणून तो उतार उतरू लागला. तासाभरात होड्या पाण्यात गेल्या. खांबवाले त्या ठिपक्याएवढ्या होईपर्यंत बघत उभे होते.

फोन थांबले. पुढच्या रविवारी मुलीने “बरं आहे ना?” विचारलं, त्यांनी “बरं आहे” म्हटलं. महिनाभर कागदी घोडे नाचले आणि शेवटी शिक्षेचं पत्र आलं. सदर कर्मचारी एकटा ठेवण्याच्या लायकीचा नसल्याने त्याच्यावर देखरेखीसाठी एक अधिकारी केंद्रावर कायम मुक्कामास राहील, त्याच्या जेवणाची सोय सदर कर्मचाऱ्याने करावी.

अधिकारी दोन ट्रंका घेऊन आला. रुंद कपाळाचा, निवृत्तीला टेकलेला, कार्यालयात कोणालाच नको असलेला माणूस. आल्या आल्या त्याने खांब मोजले, वहीतलं अक्षर वाईट आहे म्हणाला, खाट खिडकीपासून हलवायला लावली. दुपारी दोघं जेवायला बसले. त्याने पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“भाजीत मीठ नाही.”

“आणतो,” खांबवाले म्हणाले.

ते आत गेले. मिठाचा डबा समोरच होता, तरी ते बराच वेळ पाठ फिरवून उभे राहिले. बाहेरून आवाज आला, “अहो, मीठ आणताय की बनवताय?”

“आलो, आलो,” खांबवाले म्हणाले, आणि बाहीने डोळे पुसून डबा उचलला.