अण्णांचा पादरस

अण्णा रोज सकाळी फाटकापाशी रांगोळी काढतात, आणि हात झटकत जिना चढून माझ्याकडे येतात ते आपले हात थरथरतात हे सांगायला.

"चहा नको. बसतही नाही. हे बघ, थरथरतात की नाही?" असं म्हणून दोन्ही पंजे माझ्या नाकासमोर धरतात. पंजे अगदी स्थिर असतात. खाली एकवीस ठिपक्यांच्या रांगोळीतली एक रेघ हललेली नसते. मी तसं म्हटलं की, "आत्ता थांबलंय. स्वल्प वेळानं बघ," म्हणून माझ्याच खोलीत येरझारा सुरू. मला साडेनवाच्या आत हेब्बाळच्या ऑफिसात पोचायचं असतं, आणि हे मोजे घालायलाही देत नाहीत.

अण्णा म्हणजे माझे बसवनगुडीतले घरमालक. वय पंच्याहत्तरच्या आसपास, डोक्यावर एक केस नाही. घराण्याला बेंगळुरात येऊन शेकडो वर्षं झाली, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. अक्का, म्हणजे त्यांची बायको, आत असायच्या. मला दिसायची ती स्वयंपाकघराच्या खिडकीतली त्यांची पाठ आणि कमरेपर्यंतची पांढरी वेणी.

राहायला आलो त्याच आठवड्यात अण्णा मला गंभीरपणे म्हणाले होते, "माझ्या अंगात पादरस आहे असं वाटतंय." मी नाशिकचा. पादरस म्हणजे पायातला काहीतरी रस असावा अशी माझी समजूत झाली, आणि सुट्टीवरून येताना मी त्यांच्यासाठी पायाला चोळायचं तेल आणलं. त्यांनी बाटली उलटसुलट करून पाहिली, झाकण काढून वास घेतला. "पादरस म्हणजे पारा रे," ते म्हणाले. "थर्मामीटरातला. शिकलास काय तू?" तेल मात्र ठेवून घेतलं.

पाऱ्यावर त्यांचा संशय असायला कारण होतं. यशवंतपूरच्या एका कारखान्यात ते थर्मामीटर आणि बीपीची यंत्रं बनवायचे. कारखाना बंद पडला तेव्हा दवाखान्यांची जुनी यंत्रं घरी आणून दुरुस्त करू लागले. आता यंत्रं बॅटरीवर चालतात, ते कामही गेलं, पण पाऱ्यानं काही त्यांची पाठ सोडली नाही. एकदा मी ऑफिसात असताना त्यांनी माझ्या खोलीतली ट्यूबलाइट काढून नेली, तिच्यात पारा असतो म्हणून. तीन दिवस मी मोबाइलच्या उजेडात जेवलो. दातात भरलेल्या चांदीतही पारा असतो, ती उपटून द्या म्हणून दाताच्या डॉक्टरांच्याही मागे लागले होते.

लक्षणं मात्र ते इतकी बारकाईनं सांगायचे की ऐकणाऱ्याच्या अंगात मुंग्या याव्यात. उजव्या हाताच्या दोन बोटांना बधिरपणा. पोटरीतला स्नायू आपोआप उडतो. पेला धरला की काठावरून पाणी सांडतं. चकल्या पाडताना मनगटातून शक्ती जाते. हे शेवटचं ऐकून मला वाटलं, या माणसाला रिकामपणानं पछाडलंय. रक्त झालं, लघवी झाली, दोन डॉक्टर झाले. प्रत्येक वेळी रिपोर्ट हातावर आपटत येणार, "नॉर्मल अंते!" अंते म्हणजे म्हणे. पारा सापडला नाही म्हणून एवढा पारा चढलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तिसरे डॉक्टर नसांचे होते. "तू चल. मी सांगायला गेलो की विसरतो," असं म्हणून मला रजा घ्यायला लावली. मी धुसफुसतच गेलो. अण्णांनी वही काढली आणि मराठीतल्या नोंदींचं कन्नड करत वाचू लागले. बोटं झाली, पोटरी झाली. मग म्हणाले, वेणी घालताना दंड भरून येतात, मध्येच हात खाली घ्यावा लागतो.

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी अण्णांच्या गुळगुळीत टकलाकडे पाहिलं.

"जडे?" त्यांनी विचारलं. "यार जडे?"

वेणी? कोणाची वेणी? एवढं कन्नड मलाही येत होतं. अण्णांनी वही मिटली, उठले आणि बाहेर जाऊन थेट रस्त्यावर उभे राहिले.

मी मागे धावलो. तिथल्या बाकावर त्यांना बळेच बसवलं. बसले तरी पाय हलत होते.

"पारा काळा पडला की फडक्यातून गाळायचा असतो," ते म्हणाले. "मागच्या पडवीत गाळत होतो. फडकं तीच धरायची. दहा वर्षं धरली. तिचा हात इतका स्थिर होता रे, रांगोळी बघायला लोक थांबायचे."

"मग त्यांनाच आणायचं ना डॉक्टरांकडे!"

"डॉक्टर विचारणार, घरात पारा कोण आणला? तिच्यासमोर काय सांगू? म्हटलं, माझं म्हणून सांगू. ऐकून एखादा तरी म्हणेल, हे पादरसाचं नव्हे. पण सगळे माझंच रक्त बघून नॉर्मल म्हणतात."

मला माझी लाज वाटली. वर्षभर मी त्या रांगोळीवरून या माणसाची थट्टा करत होतो. ती कोणाची जागा भरून काढतेय हे एकदाही विचारलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी अक्कांना घेऊन आम्ही तिथेच गेलो. तपासून झाल्यावर डॉक्टरांनी विचारायचं ते विचारलंच. अण्णांनी तोंड उघडलं, पण अक्का आधी बोलल्या.

"मीच मागितले. चकचकीत असतं, बघायला बरं वाटायचं. हे नको म्हणत होते."

"खोटं बोलते!" अण्णा ओरडले. "मी आणलो, मीच फडकं हातात दिलो!"

"तुम्हाला आठवत नाही. गप्प बसा की."

"मला सगळं आठवतंय!"

दोष स्वतःकडे ओढण्यासाठी दोघं अशी हमरीतुमरीवर आली की डॉक्टरांनी टेबलावर पेन वाजवलं. अशा दुखण्याला इतरही कारणं असतात, इतक्या वर्षांनी पाऱ्याचं नक्की सांगणंही अवघड आहे, म्हणाले. तपासण्या लिहून दिल्या, या वेळी अक्कांच्या नावावर.

रिपोर्ट अजून यायचाय. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहिलं तर अण्णा रांगोळीवर वाकलेले आणि अक्का पायरीवर बसून "तो ठिपका चुकला, अलीकडे घ्या," म्हणून ओरडत होत्या. थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली. अण्णा दारात उभे राहिले. हात पुढे केले नाहीत, म्हणून मीच सवयीनं विचारलं, "काय अण्णा, हात कसे आहेत?"

"माझ्या हातांना काय झालंय?" ते म्हणाले. "तिचे थरथरतात रे." आणि पहिल्यांदाच, मी न म्हणता, माझ्या खुर्चीवर बसले.