खाली करा

पाळणा एकोणिसाव्या मजल्यावर अडकला तेव्हा बाराला वीस मिनिटं कमी होती, आणि ठिणग्याचं लग्न साडेबाराला होतं.

ठिणग्या हे त्याचं पाळण्यातलंच नाव. म्हणजे घरातल्या नव्हे, या लोखंडी पाळण्यातलं. दोन दोरखंडांना टांगलेला पाळणा, त्यात बादली, फडकं, रबरी पट्टी आणि उठसूट भडकणारा हा. पोस्टकार्डावर चित्र असतं तेच ते कंपनीचं मुख्यालय. जोडमनोरे, चाळीस मजले, नुसती काचच काच. शहराची शान म्हणे. शान त्यांची, पुसायची यानं.

या शानेपायी लग्न दोनदा हुकलं होतं. पहिल्यांदा अध्यक्ष येणार म्हणून सगळ्या काचा पुन्हा पुसायला लावल्या. दुसऱ्यांदा, अध्यक्ष आलेच नाहीत, आता पुढच्या आठवड्यात येणार, म्हणून पुन्हा. तेव्हा नवरी म्हणाली होती, "हे बघ, मी कंडक्टर आहे. धावत येणाऱ्यासाठी दोनदा गाडी थांबवते. तिसऱ्यांदा डबल बेल. गाडी पुढं."

म्हणून आज हाफ डे. नोंदणी कार्यालय समोरच, रस्ता ओलांडला की झालं. आणि नेमका आजच वायरलेस मेला!

बॅटरी त्यानं सोमवारीच मागितली होती. स्टोअरवाला म्हणाला, "जुनी संपल्याचा पुरावा आण."

"मेलेली बॅटरी काय बोलून दाखवते?"

"मग अर्ज कर."

आता वर गच्चीवर कळ फिरवणारे काका. सज्जन माणूस, पण नियमाचे पक्के. वायरलेसवर आवाज आल्याशिवाय कळीला हात लावायचे नाहीत. "तुझ्याच जिवासाठी रे बाबा," म्हणायचे. ठिणग्यानं घसा फाडून हाका मारल्या. वाऱ्यानं त्या भलतीकडेच नेल्या. फोन खाली लॉकरमध्ये, कारण पाळण्यातून फोन पडला तर खालच्याचं डोकं फुटेल असा नियम. माणूस पडला तर काय, याचा नियम नव्हता.

काचेपलीकडे मीटिंग चालली होती. त्यानं काचेवर टकटक केलं. कुणी मान वळवेना. पुन्हा केलं. एक टायवाला उठला, जवळ आला, त्याच्याकडे बघितलं आणि पडदा ओढून घेतला.

"अरे! मी काय कबूतर आहे काय?" ठिणग्या ओरडला. मस्तकात तिडीक गेली. त्यानं बादली काचेवर अशी दणकन आपटली की पडदा परत उघडला. आता एक चष्मेवाल्या बाई उभ्या होत्या.

त्यानं साबणात बोटं बुडवली आणि काचेवर हातभर अक्षरांत लिहिलं : खाली करा.

त्याच्या धंद्यात शब्द दोनच. वर करा आणि खाली करा. काकांना दिवसातून शंभरदा तेच सांगायचं. शिकलेल्या माणसानं "पाळणा खाली घ्या, गच्चीवर फोन लावा" असं लिहिलं असतं. पण शिकलेला माणूस काचेच्या आतल्या बाजूला असतो.

बाईंना आतून ते उलटं दिसत होतं. त्यांनी फोटो काढला, फोनवर तो उलटा करून वाचला, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. आत काय बोलणं झालं ते ठिणग्याला नंतर समजलं.

"सर, तो म्हणतोय बिल्डिंग खाली करा!"

"कशासाठी?"

"त्याला बाहेरून काहीतरी दिसलं असणार ना! आपल्याला आतून काय दिसतंय?"

टायवाल्यानं हातानंच 'नक्की?' असं विचारलं. ठिणग्यानं जीव तोडून दोन्ही हात खाली केले, खाली, खाली, लवकर! मग बाईंनी त्याला चक्क हात जोडले. टायवाल्यानं सलाम ठोकला. आणि सगळे पळाले.

"समजलं बाबा एकदाचं," म्हणत ठिणग्यानं हुश्श केलं.

तेवढ्यात भोंगा वाजायला लागला.

पाच मिनिटांत मुंग्यांचं वारूळ फुटावं तशी दोन्ही मनोऱ्यांतून माणसं बाहेर पडली. तीन हजार. रस्ता भरला, बसगाड्या अडकल्या. ठिणग्या वाकून बघत होता. आणि त्या गर्दीत, चहाचा थर्मास छातीशी धरलेले, त्याला काका दिसले.

"काका! तुम्ही खाली? मग मला कोण खाली करणार?"

त्यानं तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. स्टोअरवाल्याला, अध्यक्षांना, त्यांच्या काचांना. स्पंज फेकला, बादली फेकली. खालून लोक टाळ्या वाजवायला लागले. "बघा, शेवटपर्यंत आपल्यालाच सावध करतोय!"

एका बाईनं मात्र टाळी वाजवली नाही. अडकलेल्या बसमधून ती उतरली होती, नव्या साडीत, घड्याळ बघत. बादली कोण फेकतं ते तिनं ओळखलं. पुढचं ठिणग्यानं वरून नुसतं बघितलं. ऐकलं ते नंतर, तिच्याच तोंडून, आणि अजून ऐकतोय.

"काका, तुम्ही इथं काय करताय?"

"मला हाकललं गं. गच्ची खाली करा म्हणाले."

ती सुरक्षा अधिकाऱ्याकडे गेली. त्याच्या हातात कर्णा, काखेत यादी.

"यांना वर सोडा."

"मोजणी झाल्याशिवाय कुणी आत जाणार नाही. एक माणूस कमी भरतोय."

"तो काय कमी! वर लटकतोय!"

"मग तो खाली आला की मोजणी पूर्ण."

"आणि हे वर गेल्याशिवाय तो खाली कसा येणार?"

"मोजणी पूर्ण झाली की जातील ना."

कंडक्टरणीनं एकदा त्याच्याकडे बघितलं. मग रोजचा आवाज काढला, "चला, पुढं सरका! दार अडवू नका! पुढं रिकामं आहे, सरका!" तीन हजार माणसं मुकाट्यानं सरकली. सरकणाऱ्यांत अधिकारीही होता. काका आत घुसले. लिफ्ट बंद, चाळीस मजले जिना. पोचले, कळ फिरवली.

पाळणा जमिनीला टेकला तेव्हा एकला पाच मिनिटं कमी होती.

"गेलं!" ठिणग्यानं फडकं आपटलं. "तिसऱ्यांदाही गेलं! या काचेच्या डबड्याच्या तर..."

"ओरडू नकोस," नवरी म्हणाली. "तिकडं बघ."

समोरचं नोंदणी कार्यालयही घाबरून रस्त्यावर आलं होतं. नोंदणीसाहेब फुटपाथवर उभे, काखेत भलंमोठं रजिस्टर. "आपत्तीत आधी रजिस्टर वाचवायचं," ते ओरडून सांगत होते, कारण त्यांना कमी ऐकू यायचं. "माणसं काय, पुन्हा नोंदवता येतात!"

रजिस्टर बसच्या पायरीवर ठेवलं. साक्षीदार म्हणून ड्रायव्हरनं सही केली, धापा टाकत उतरलेल्या काकांनी केली. तेवढ्यात सुरक्षा अधिकारी कागद घेऊन आला.

"काचेवर विनापरवानगी लिहिलंस. खुलासा दे."

"देतो की! बॅटरी द्या, वायरलेसवर देतो!" ठिणग्यानं रागारागानं रजिस्टरवर पेन असं दाबलं की सही नावाच्या वरच उमटायला लागली.

"तिथं नको!" नोंदणीसाहेब कडाडले. "खाली करा! अहो, खाली करा!"

अधिकाऱ्याचा हात सवयीनं कर्ण्याकडे गेला. "खाली करा! सगळे खाली करा!"

तीन हजार माणसं पुन्हा पळाली. टायवाला, चष्मेवाल्या बाई, आणि सगळ्यांत पुढं स्वतः अधिकारी, खुलाशाचा कागद तिथंच टाकून. दोन मिनिटांत रस्ता लख्ख मोकळा.

ठिणग्यानं सही खाली केली. नवरीनं केली. साहेबांनी शिक्का मारला आणि विचारलं, "सगळे गेले कुठं?"

ड्रायव्हरनं गाडी चालू केली. ठिणग्या मात्र मान वर करून उभा. एकोणिसाव्या मजल्यावर साबण वाळून अक्षरं पांढरीफेक पडली होती. आणि अध्यक्ष तर उद्याच येणार होते.

"ते तेवढं पुसून येऊ का?"

ती पायरीवर उभी होती, हात बेलच्या दोरीवर.

"एक मारली," ती म्हणाली.

तो गाडीकडे धावला.