आधी वजा, मग अधिक

आमच्या कॉलनीत कोणाच्याही गाडीचं बॉनेट उघडलं, की दिगूकाका स्टीलची ताटली घेऊन हजर होतात आणि पहिलं वाक्य बोलतात, "दागिने काढा." नव्याने राहायला आलेल्या एका गृहस्थांनी घाबरून पाकीटसुद्धा ताटलीत ठेवलं होतं.

काका देवासच्या बस डेपोत इलेक्ट्रिशियन होते आणि घराण्यात राममंदिराची पूजा. म्हणजे सकाळी सोवळं, दुपारी ग्रीस, आणि दोन्हीकडे नियम सारखेच कडक. बॅटरीच्या टोकांना प्लस-मायनस म्हटलेलं त्यांना खपत नाही. "अधिक आणि वजा म्हण. मराठी घरातला आहेस ना?" माझं सगळं शिक्षण हिंदीत झालं, पण काकांशी वाद घालण्यापेक्षा अधिक-वजा म्हणणं सोपं. कोणी घाई केली की ते हातातलं काम थांबवून विचारतात, "दारात पेशवे थांबलेत का?"

गेल्या मार्चमध्ये आमच्या दारात पेशवे नव्हते, पण बोर्डाची परीक्षा होती. माझी बायको मंजू टोंकखुर्दच्या शाळेत शिकवते. ती केंद्राध्यक्ष होती, आणि प्रश्नपत्रिकांची पेटी साडेसातला पोलीस ठाण्यातून तिनेच उचलायची होती. उशीर झाला तर नोटीस ठरलेली. सहा वाजता तिने किल्ली फिरवली. गाडी नुसती 'टक्' म्हणाली आणि गप्प बसली. पहिली बस निघून गेली होती. मेकॅनिकला फोन केला तर तो झोपेतच म्हणाला, "भिया, नौ बजे से पहले तो दुकान भी नी खुलेगी."

मी बॉनेट उघडलं मात्र, कुंपणापलीकडून काका ताटली घेऊन आलेच. हत्यारांची पिशवीही बरोबर होती, तिच्यात डेपोतल्या सवयीने एक जादा केबलही. त्यांनी वाकून पाहिलं. बॅटरीच्या अधिक टोकावर हिरवट-पांढरी भुकटी साचली होती आणि खालची जाड केबल आतून गंजून गेली होती.

"बॅटरी ठीक आहे. केबल मेली. बदलू. किल्ली काढ. अंगठी काढ."

माझी अंगठी लग्नानंतर निघालीच नव्हती. साबण लावून ती निघेपर्यंत माझं बोट लाल झालं आणि मंजूचा चेहराही.

"आधी वजा," काका म्हणाले. मी वजाची केबल सोडवली. ती त्यांनी फडक्यात गुंडाळून बाजूला बांधली, चुकूनही टोकाला लागू नये म्हणून. मग अधिक सोडली. सोड्याच्या पाण्याने टोकं घासली. खालचं टोक स्टार्टरला जोडायचं होतं आणि माझा हात तिथे जाईना. काकांचे हात अलीकडे थरथरतात. मंजू बारीक हाताची, ती पुढे झाली.

"पाटल्या काढ. मंगळसूत्रही."

इथे आमची आत्या ओसरीवरून कडाडली. वय ऐंशी, आवाज अठराचा. "अहो दिगंबरपंत, देवळात आरती करता आणि सकाळच्या पारी सवाष्णीला हात मोकळे करायला सांगता?"

"आत्या, देवाला चालेल. बॅटरीला चालत नाही."

"काका, जाऊ द्या ना, दोन मिनिटांचं तो काम है," मंजू म्हणाली. तिचं सगळं लक्ष घड्याळात होतं.

"काढ म्हणतो ना!" काका ओरडले. काकांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मंजूने मुकाट्याने सगळं ताटलीत ठेवलं.

तिने खालचं टोक बसवलं. वरचा अधिकचा नट मी आवळत होतो, तेवढ्यात पाना हातातून निसटला आणि अधिक टोक आणि गाडीचा पत्रा यांच्यावर आडवा पडला. मंजूचं मनगट त्याला टेकलं होतं. माझे डोळे आपोआप मिटले. काहीच झालं नाही. ठिणगीसुद्धा नाही, कारण वजा अजून फडक्यात होती.

काका पांढरेफटक पडले होते. त्यांनी मंजूचा हात उजेडात धरला, मनगट उलटसुलट करून दोनदा पाहिलं, आणि मगच म्हणाले, "आता वजा. सगळ्यात शेवटी." गाडी एका झटक्यात चालू झाली. आत्याने घाईघाईने पाटल्या मंजूच्या हातात चढवल्या. सात-पंचवीसला मंजूचा ठाण्यातून फोन आला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी मंजूने काकांना चहाला बोलावलं. सकाळच्या ओरडण्याबद्दल ते माफी मागतील असं वाटलं होतं. त्यांनी कप तसाच खाली ठेवला.

"मालती मला दिवा धरायची," ते म्हणाले. मालतीकाकू, त्यांची पत्नी, जाऊन चार वर्षं झाली. "आमच्या जुन्या गाडीची केबल बदलत होतो. ती म्हणाली, पाटल्या काढून ठेवू का? मी म्हटलं, पुजाऱ्याच्या घरातली सवाष्ण तू, हात मोकळे करायचे नाहीत. आणि वजा सोडायचा मी कंटाळा केला. डेपोत दुसऱ्यांना रोज शिकवत होतो. पाटली अधिकला टेकली, पत्र्यालाही लागली. क्षणात लाल झाली."

काकूंच्या मनगटाभोवतीचा तो काळा व्रण आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. त्या सांगायच्या, फुलके करताना भाजलं.

"जन्मभर तेच सांगितलं तिनं. माहेरीसुद्धा. मी शेजारीच उभा असायचो. एकदासुद्धा तोंड उघडलं नाही."

काकांचा मला इतका राग आणि इतकी माया एकाच वेळी कधी आली नव्हती. आत्या उठली, त्यांच्याजवळ जाऊन बसली. "दिगंबर," ती म्हणाली. पंत गळून पडलं होतं. "मला ठाऊक होतं रे, तरी सकाळी जीभ आवरली नाही. त्याच दिवशी हळद लावायला मीच होते. तिनं शपथ घातली होती, तुम्हाला ठाऊक आहे हे ह्यांना कळू देऊ नका, बिचारे फार लाजतील."

काकांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. मग आत्याकडे न बघताच विचारलं, "फार दुखत होतं का हो तिला?"