नर्सबाईंचा दोन कप्प्यांचा डबा

आमचा नवा दोन दारांचा फ्रीज बघायला अख्खी गल्ली येऊन गेली. कोणी रंगाचं कौतुक केलं, कोणी बर्फ किती वेळात होतो ते विचारलं. शेजारच्या नर्सबाई आल्या, त्यांनी दार उघडलं, आत डोकं घातलं आणि विचारलं, "याचं टेंपरेचर कोन लिहिते?"

"टेंपरेचर?"

"सकाळ-संध्याकाळ लिवा लागते वो. थर्मामीटर कुठं हाय?" तेवढ्यात त्यांना कालची वांग्याची भाजी दिसली. आत साप दिसावा तशा त्या मागे सरकल्या. "फ्रीजमधी लस ठेवतात, अर्चना. भाजी नाई," म्हणाल्या आणि चहा न घेताच गेल्या. माझ्या फ्रीजचं कौतुक राहिलं ते राहिलंच.

नर्सबाईंचं नाव कौसल्या, पण ते पांढुर्ण्यात कोणाला ठाऊक नाही. सगळी नोकरी रामाकोन्याकडच्या खेड्यांत काढून, निवृत्त झाल्यावर त्या इथे राहायला आल्या. एकट्याच. लग्न त्यांनी केलं नाही. नोकरीत त्यांच्या ताब्यात लसींचा एक फ्रीज होता आणि त्यात कोणी पाण्याची बाटली ठेवली तरी त्या दवाखाना डोक्यावर घेत. एकाने त्यात आंबे ठेवले, ते त्यांनी काढून भर उन्हात मांडले म्हणे. ही गोष्ट आम्ही पहिल्यांदा ऐकली तेव्हा ते आंबे कंपाउंडरचे होते. पुढे डॉक्टरचे झाले. हल्ली ते जिल्ह्याच्या मोठ्या साहेबाचे असतात.

असल्या बाईच्या घरी फ्रीज कुठून असणार? आमच्याकडे मे महिन्यात भिंतीला हात लावला तरी चटका बसतो, आणि यांचं सगळं माठाच्या भरवशावर. माठाखाली ओली रेती, रेतीवर ओल्या फडक्यात काकड्या. सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी मुळांसकट पाण्याच्या पेल्यात उभी. दूध सारखं तापवायचं, उरलं तर रात्री विरजायचं. वांगी घ्यायची ती दोन. मी पावभर भेंडी मागितली तर भाजीवाला तोंड वाकडं करतो. नर्सबाईंसाठी मात्र तोच माणूस टोपली उपसून दोन कोवळी वांगी शोधून देतो, वर मिरच्या फुकट. मी उभी असते तिथेच, पिशवी धरून.

पण माझं खरं दुखणं म्हणजे त्यांचा डबा. दिवेलागणीला नर्सबाई ताजी भाजी करायच्या. कधी पाटोडीचा रस्सा, कधी गोळ्यांची कढी. ती दोन कप्प्यांच्या स्टीलच्या डब्यात भरून बाहेर पडायच्या. आज समोरच्या वैशालीकडे, उद्या कोपऱ्यावरच्या सिंधूकडे. फोडणीचा वास आधी आमच्या खिडकीतून आत यायचा, आणि डबा दारावरून पुढे जायचा. आमचे हे वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणायचे, "आज पाटोडी दिसून राहिली बा." मी फ्रीजमधून परवाची डाळ काढून त्यांच्यापुढे आदळायची. मला मेलीला त्या वैशालीचा इतका हेवा वाटायचा की तिच्याकडची हसण्याबोलण्याची चाहूल लागली की मी खिडकी लावून घ्यायची.

आमच्याकडे डबा एकदाच आला होता. त्या आल्या, तशी मी डबा दारातच दोन्ही हातांनी घेतला, थँक्यू म्हटलं आणि त्यांच्यादेखत फ्रीजच्या सगळ्यात वरच्या खणात ठेवला. "रात्री गरम करून घेऊ," म्हटलं. "गरमच हाय वो," त्या म्हणाल्या आणि जरा वेळ दारात उभ्या राहिल्या. मग गेल्या. रात्री उघडून बघते तर वर भाजी, आणि खालच्या कप्प्यात ज्वारीच्या भाकरी फक्त दोन. आम्ही माणसं चार. त्यावरून मी बरेच दिवस माहेरच्यांना फोनवर हसवलं. दुसऱ्या दिवशी डबा घासून, रिकामा देऊ नये म्हणून साखर घालून परत केला. त्यानंतर तो आमच्या फाटकातून कधी आत आला नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी विरजण मागायला वैशालीकडे गेले. विरजण माझ्याकडे होतं. डब्यात काय आलंय ते बघायचं होतं. बघते तर नर्सबाई घरच्यांच्या पंगतीत बसून जेवताहेत. भाजी सगळ्यांच्या ताटांत, आणि त्या दोन भाकरी त्यांच्या एकटीच्या ताटात.

"हे बरं आहे नर्सबाई," मी म्हटलं. "भाजी वाटायची आणि भाकरी आपणच खायच्या."

"त्याहिच्याच राह्यतात त्या भाकरी," वैशाली म्हणाली. "रोज कोनाच्या तरी घरी जेवतात न त्या. तुले मालूम नाई?"

नर्सबाई भाकरी मोडत म्हणाल्या, "खेड्यात बाळंतपनाले गेली का तासन्‌तास बसा लागे. घरचे म्हनत, बाई, दोन घास खाऊन घ्या. सारी नोकरी दुसऱ्याच्या चुलीपाशी जेवली मी. आता एकटीनं ताट घेतलं का घास उतरत नाई वो. भाकर आपली आनते, म्हंजे कोनाले ऐनवक्ती पीठ मळा नाई लागत."

"मग फ्रीज का घेत नाही?" मी विचारलं.

"फ्रीज घेतला का भाजी घरीच टिकून राहीन. मंग मी बाहेर निघू कायले?" एवढं बोलून त्यांनी घास भाजीत बुडवला. मग आवाज चढवून म्हणाल्या, "अन् फ्रीजमधी लस ठेवतात."

मला आमचा वरचा खण आठवला. "त्या दिवशी तुम्ही काय खाल्लं?" मी विचारलं. कोणत्या दिवशी, असं त्यांनी विचारलं नाही.

"चहा घेतला न, बिस्किटासंगं," म्हणाल्या.

"उद्या आमच्याकडे या."

"उद्या सिंधूकडं जाऊन राहिली मी. परवा पाहू."

दुसरा अख्खा दिवस मी सिंधूवर जळण्यात घालवला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पीठ मळलं, तवा ठेवला, पोरांना हात धुऊन बसवलं. आमच्या ह्यांनी उगाच सदरा बदलला. फाटक वाजलं. नर्सबाई आल्या, आणि आधी मला त्यांच्या हातातला डबा दिसला. तो एकाच कप्प्याचा होता. खालचा कप्पा त्या घरीच ठेवून आल्या होत्या.

"भाकरी?" मी विचारलं.

"तू टाकशीन म्हटलं."

मी तव्याकडे तोंड केलं आणि त्यांच्यासाठी भाकरी थापली. पहिली जरा करपली. त्यांनी तीच मागून घेतली, आणि मग अजून एक.

सकाळी उठल्याबरोबर मी वैशालीकडे गेले. विरजण परत करायचं होतं, आणि डब्याला किती कप्पे होते तेही तिला सांगायचं होतं.