कृष्णनाथाच्या अंगणातला अवसर

"जत्रेक माझो आवाज नदीपलीकडे आयकूक येतलो," कृष्णनाथाने बायकोला, विनोदिनीला, ठासून सांगितलं. ती शेजारीच बसली होती, तरी तिला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही.

इब्रामपूरच्या जत्रेत देवासमोर गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. तो देवाला साकडं घाली आणि सारा गाव 'व्हय महाराजा' म्हणे. पण पार्किन्सन झाला, हात थरथरू लागले आणि आवाज पार तळाला गेला. हे दुखणं त्याने गावापासून लपवलं होतं. कळलं की मान चुलतभावाकडे जाणार, आणि तो शंभू तर टपूनच बसलेला!

म्हापशाच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मालतीबाई म्हणाल्या, "पाय फाकवून उभे राहा. डुलत डुलत वजन या पायावरून त्या पायावर न्या, हात पसरा आणि छाती भरून मोठ्याने बोला. तोंडपाठ असेल ते."

तोंडपाठ म्हणजे गाऱ्हाणंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीसमोर उभा राहून तो डुलू लागला, हात थरथरतच होते, आणि त्याने गर्जना केली, "बा देवा महाराजा!"

पोदेराकडून पाव घेऊन चाललेला सगुण जागच्या जागी थिजला. पाव कुंपणावर ठेवून तो ओरडत सुटला, "कृष्णनाथाच्या अंगात देवाचो अवसर इलो!"

बघता बघता अंगण भरलं. लोक नारळ घेऊन आले. सगुणने पाय धरले. "देवा, माझी गाय खंय गेली?"

"अरे, ह्यो देव न्हय," कृष्णनाथ म्हणाला. पण साधं बोलायला गेला की आवाज पुन्हा तळाला.

"देव पुटपुटता," सगुणने सगळ्यांना सांगितलं. "गाय परत गावतली म्हणता."

एवढ्यात गर्दीच्या मागून, वाटेवरून शंभूने हात जोडले. "देवा, यंदा गाऱ्हाणां कोणी घालूचां?"

'कृष्णनाथान' एवढं म्हटलं असतं तरी मान जन्मभर पक्का होता. मोह झाला, खोटं कशाला सांगा. पण ज्या देवाला उभं आयुष्य साकडं घातलं, त्याच्याच नावाने आपल्या पोळीवर तूप ओढून घ्यायचं? कृष्णनाथाने छाती भरून घेतली.

"देव नाय आणि अवसर नाय! माका पार्किन्सन झालो हा. हात तेणीच कापतत. आवाज जाता म्हणान म्हापशाच्या बाईन मोठ्यान बोलूक सांगल्यान. जत्रेत तो पोचात काय, माका ठावक नाय!"

सगुणने आपला नारळ हळूच परत काखेत घेतला. शंभू मात्र गर्दीतून वाट काढत पुढे आला.

"वाटेपर्यंत पोचलो तुझो आवाज," तो म्हणाला. "गाऱ्हाणां तूच घालूचां. अडलंस तर मी बाजूक उभो आसय."

कृष्णनाथाचे डोळे भरून आले. छाती भरून घ्यायचं भान राहिलं नाही आणि तो अगदी मनापासून शंभूला काहीतरी म्हणाला.

शंभूने कानाला हात लावला. "मोठ्यान सांग रे, काय आयकूक येणा नाय."